ताब्याला उशीर आणि माझा चोख दावा

२ मार्च
डिसेंबरनंतर थेट आज. इतके दिवस रोजनिशीला तोंड दाखवलं नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. सबब खरी आहे: जुनी वही एकवीस नंबरच्या खोक्यात, खोकं गोदामात, आणि गोदामाची पावती बायकोच्या पर्समध्ये. पर्स मागायची सध्या वेळ नाही.

वस्तुस्थिती, क्रमाने. आम्ही दंतवैद्य डॉक्टरांचं घर घेतलं. म्हणजे घेणार आहोत. खाली त्यांचा दवाखाना, तो त्यांच्याकडेच राहणार; वरचं घर आम्हाला. करारानुसार खरेदीखत आणि ताबा पंधरा डिसेंबरला. भाड्याचं घर आम्ही चौदाला सोडलं. डॉक्टरांच्या स्वतःच्या नव्या घरात फरशा बसल्या नाहीत, म्हणून ते हलले नाहीत, म्हणून आम्ही तिघं मेहुण्याच्या हॉलमध्ये. आठवड्याभराचा प्रश्न आहे, असं मीच त्याला सांगितलं होतं. आज अकरा आठवडे झाले.

आता बास. करारात कलम नऊ आहे: उशीर झाल्यास दर दिवसाची भरपाई. मी अठरा वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. दावा कुठे गळतो हे मला झोपेतही कळतं. माझा दावा गळणार नाही.

४ मार्च, सकाळी ६.१०
सहाला मेहुणा हॉलमध्ये व्यायामाची सायकल चालवतो. भावोजी, जरा पाय घ्या, असं रोज म्हणतो. प्रेमानेच म्हणतो.

दाव्याचा मसुदा सुरू. गोदामाचं भाडं, सामानाची दुहेरी हलवाहलव, मनस्ताप. घराच्या पाहणीत दारावरची बेल बंद आढळली होती, तेही घातलं (मुद्दा एकोणीस). पण मग विचार आला, इतके आठवडे आपलं घरभाडं वाचलं. ते वजा करायला हवं. केलं. मामी पोरीला फुकट गणित शिकवते. तेही वजा केलं. मनस्तापाशी बराच वेळ अडलो. मनस्ताप मला करारापूर्वीही होता. डॉक्टरांमुळे नेमका किती वाढला? तूर्त निम्मा धरला.

बायकोने वाचलं. म्हणाली, दावा तू कुणावर करतोयस, त्यांच्यावर की आपल्यावर?

७ मार्च
वकीलबाईंकडे. माझ्या दहा पानांचं त्यांनी एक पान केलं. बेल काढली. मग विचारलं, उशीर चालेल असं तुम्ही त्यांना कधी लिहून दिलंय का? मी छातीठोकपणे नाही म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. माझे सगळे मेसेज सभ्य पण थंड होते, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, थंडच ना, बघा हं.

किती शंकेखोर असतात ही माणसं.

११ मार्च
डॉक्टरांचा मेसेज. बाथरूमच्या फरशा चुकीच्या रंगाच्या आल्या, अजून पंधरा दिवस. रागाने चहा अर्धा टाकून उठलो. तरी लगेच उत्तर दिलं. एकही इमोजी टाकला नाही. समजायचं ते समजले असतील.

१४ मार्च
नोटीस पोस्टाने पाठवा, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. पण ज्या माणसाचं घर घ्यायचं त्याला न भेटता नोटीस? मनाला पटेना. डॉक्टर वेळ घेतल्याशिवाय भेटत नाहीत, म्हणून वेळ घेतली. काउंटरवरच्या मुलीने तक्रार काय विचारली. ‘उशीर’ म्हणणार होतो, ‘दाढ’ म्हणालो.

खुर्ची मागे गेली. तोंडात आरसा, नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं. त्यांनी विचारलं, घराचं मनावर घेत नाही ना तुम्ही? मी मान हलवण्याचा प्रयत्न केला, ती त्यांनी धरून ठेवली होती. ते म्हणाले, तुमच्यासारखा समजूतदार माणूस शोधून सापडायचा नाही. दाढ खरोखरच किडलेली निघाली. रूट कॅनाल, तीन बैठका. फीमध्ये सवलत देत होते, ती ठामपणे नाकारली. वाद चालू असताना उपकार नकोत.

नोटीस खिशातच राहिली. दाढेचं दुखणं मनस्तापात धरता येईल का, पाहायला हवं.

१७ मार्च
नोटीस पोस्टात टाकली. हलकं वाटलं.

घरी आलो तर पोरगी बाथरूममध्ये, उलट्या बादलीवर बसून अभ्यास करत होती. हॉलमध्ये टीव्ही, आतल्या खोलीत मामाचे फोन. बाबा, इथे दाराला कडी आहे, एवढंच म्हणाली. तिची परीक्षा दहा एप्रिलपासून. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, एकतीस तारखेपर्यंत किल्ली आली तर आली. नाहीतर मी आणि पोरगी आमचं बघू. तू तुझं कलम नऊ घेऊन बस.

मी म्हणालो, एकतीसच्या आत डॉक्टर हात जोडत येतील. तिने चिमटा लावला.

२४ मार्च
डॉक्टरांच्या वकिलाचं उत्तर आलं. सोबत माझे चौदा मेसेज छापून जोडलेत. सगळे उतरवत नाही. पहिला, तेरा डिसेंबर: ‘काही हरकत नाही डॉक्टर, सावकाश होऊ द्या. आमची काही घाई नाही.’ जानेवारीतला: ‘फरशा नीट बघून घ्या, पुन्हा पुन्हा होत नाहीत ही कामं.’ फेब्रुवारीतला: ‘संकोच करू नका. घर शेवटी तुमचंच आहे.’ आणि अकरा मार्चचा, अर्ध्या चहावरचा: ‘पंधरा दिवसांचं काय एवढं! आम्ही इकडे मजेत आहोत.’

हे थंड होते असं मला खरोखर वाटलं होतं. लिहिताना आतून थंड होतो, याची शपथ घेऊ शकतो.

वकीलबाईंनी फोनवर चौदाही ऐकून घेतले. मग म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांनाच असं लिहिता का हो?

उत्तर वाचताना सवयीने हातात लाल पेन होतं. समासात लिहून बसलो: दावेदाराची लेखी संमती. दावा अमान्य. खाली सहीसुद्धा केली.

बायकोने चौदाही मोठ्याने वाचले. ‘मजेत आहोत’ला मेहुण्याच्या सायकलचं चाक थांबलं. भावोजी, मजेत आहात हे बरंय, म्हणाला. पोरगी वही घेऊन बाथरूममध्ये गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

२८ मार्च
नवी योजना. आज दाढेची दुसरी बैठक. तोंड उघडायच्या आधी बोलायचं. वाक्य आरशासमोर सात वेळा म्हटलं: डॉक्टर, आम्हाला घर ताबडतोब हवंय.

आत शिरताच डॉक्टर म्हणाले, या, आ करा.

आ केला.

३० मार्च
बायको आज दवाखान्यात गेली. वेळ न घेता. पोरगी बरोबर होती, तिने सांगितलं ते असं: आई दारातच उभी राहिली आणि म्हणाली, डॉक्टर, आम्हाला घाई आहे. डॉक्टर हातातला चिमटा ठेवून म्हणाले, अहो मग आधी नाही का सांगायचं! दवाखान्याच्या मागची खोली रिकामीच आहे, फरशा होईपर्यंत आम्ही तिथे राहू. एक तारखेला खरेदीखत करून टाका. तो दावा तेवढा मागे घ्या.

सगळं मिळून चार मिनिटं, असं पोरगी म्हणाली. तिने घड्याळ लावलं होतं.

माझं म्हणणं असं की आपली नोटीस पोचली नसती तर डॉक्टर इतके नरमले नसते. हे मी बोललोही. बायकोने पर्समधून गोदामाची पावती काढली.

१ एप्रिल
खरेदीखत झालं. दावा मागे घेतल्याच्या कागदावर सही केली. सही करताना विचारलं, मनस्तापाचा निम्मा भाग तरी? बायकोने किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली.

२ एप्रिल
सामान हललं. ट्रकमध्ये पुढे दोनच जागा, त्या दोघी बसल्या. खोकी पावतीशी ताडून कुणीतरी घ्यायलाच हवी होती, म्हणून मी गोदामात थांबलो. त्रेचाळीसपैकी बेचाळीस मिळाली. एकवीस नाही. शोधण्यात चार तास गेले. कारकून म्हणाला, साहेब, जाऊ द्या ना, काय होतं त्यात? वह्या, म्हणालो.

पाच वाजता बायकोला कळवलं, उशीर होतोय, खोकं सापडलं की निघतोच. तिचं उत्तर: ‘तू ये सावकाश. आमची काही घाई नाही.’

फोन उलटा-सुलटा करून पाहिला. एकही इमोजी नाही.

खोक्याशिवायच मेहुण्याकडे परतलो. किल्ली एकच आहे, ती तिच्याकडे. मेहुण्याने सायकल भिंतीकडे सरकवली. म्हणाला, भावोजी, गादी तिथेच घालू ना?

उद्या: नव्या घराचं दार वाजवणे. बेल बंद आहे, म्हणजे हाताने. जोरात.