रिपोर्ट डाळीच्या डब्यात

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सुटले! डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या — "रागिणीताई, पाच वर्षं पूर्ण झाली. कॅन्सर कुठेही नाही. आता वर्षातून एकदा तोंड दाखवून जा." मी त्यांचा हात धरला तो सोडेचना. मग हसतच सुटले. बाहेर बाकावरच्या बायका वळून वळून बघायला लागल्या, ही बाई आत जाताना तर बरी होती म्हणून.

हे नेहमीप्रमाणे जागेवर नाहीत. अकोल्याच्या या दवाखान्यात आलो की मला दारात उतरवायचं, "टेम्पोची हवा पाहून येतो" म्हणायचं आणि तासभर गायब व्हायचं, हा पाच वर्षांचा रिवाज. चाकांची इतकी काळजी घेणारा माणूस अख्ख्या अमरावतीत दुसरा नसेल. आले तेव्हा तोंड सुकलेलं. "काय म्हनलं वं डॉक्टरनं?"

सांगायला तोंड उघडलं आणि नजर त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर गेली. रिकामा खिसा. पाच वर्षांपूर्वी त्यात सदा सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी असायची.

"रिपोर्ट शुक्रवारी देतो म्हणाले जी. मशीन बिघडली," मी म्हणाले.

हे काय बोलून बसले मी?


१८ नोव्हेंबर

काय बोलले ते मला चांगलं ठाऊक आहे. इथे तर खरं लिहू.

जानेवारी २०२१. माझ्या दोन किमो झालेल्या, डोक्यावर केस नाही, वजन एकोणचाळीस किलो. चार दिवस आरामाला माहेरी तेल्हाऱ्याला गेले होते. हे मला न्यायला आले. तेव्हा कोरोनामुळे सगळ्यांचीच तोंडं मास्कमागे. यांनी तर जेवायलाही मास्क काढला नाही, दाढ काढली म्हणाले, नुसतं ताक प्यायले. आणि निघताना टेम्पोत म्हणाले, "रागिणी, आजपासून खर्रा बंद. नवस बोललो. डॉक्टर जवा म्हनन का तू पूर्न बरी झाली, तवाच हात लावीन."

केवढी रडले होते मी! वीस वर्षं मी भांडले, अबोला धरला, पन्न्या चुलीत घातल्या. काही उपयोग नाही. आणि माझ्यासाठी एका दिवसात सोडला. पुढे तिखटही सोडलं, तेही नवसातच म्हणे. भाकर वरणात कुस्करून लहान पोरासारखे खातात, ठेचा समोर आला की ताट सरकवतात.

आता मी पूर्ण बरी झाले. म्हणजे नवस फिटला. म्हणजे खर्रा सुरू!

तर मी बरी झालेच नाही. निदान शुक्रवारपर्यंत.

रिपोर्ट तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसला. यांनी आजवर स्वयंपाकघरातला एक डबा उघडलेला नाही.


१९ नोव्हेंबर

आमच्या फुलांच्या दुकानात हार ओवताना गुणगुणत होते. लग्नसराई, शेवंतीचे ढीग, आणि मी एका नवरदेवाच्या हारात दोन्हीकडे वेगळ्या रंगाची फुलं ओवली. गिऱ्हाईक म्हणतो, "वा, नवीन फॅशन!" आणि घेऊन गेला. दुपारी राजापेठेतून एकटीच चालत गेले आणि गिला वड्याच्या दोन प्लेटी खाल्ल्या. दोन! किमोच्या वेळी पाणीही कडू लागायचं मला. तिसरीही मागवणार होते, पण दुकानदार ओळखीचा.

वेणी घातली आज. बोटाएवढी बारीक, पण वेणी. त्यात फूलही खोचलं.

समोरच्या पानठेल्यावरचा नितेश यांना ओरडून विचारतो, "भाऊ, वहिनीचा रिपोर्ट आला काय? पयला खर्रा माह्याकडून!" हे फक्त "पाहू" म्हणाले. पाहू म्हणे! आणि मला दिवसात तीनदा विचारलं — दवाखान्यातून फोन आला काय? केवढी ती तलफ. डोळे कसे खोल गेलेत तलफीनं.


२० नोव्हेंबर

पकडले गेले. वर्षालीनं डाळ शिजवायला घेतली आणि रिपोर्ट घेऊनच बाहेर आली. वाचला. मला असं आवळलं की दोघी ओट्याला धडकलो. मग डोळे पुसून म्हणते, "आई, मग बाबाले काहून नाही सांगितलं?"

खर्र्याचं सांगितलं. पोरगी जमिनीवर बसून हसली. "तू बाबाले येडं बनवून राहिली! म्हणजे तू जन्मभर बिमार राहणार?"

"जमलं तर," मी म्हणाले.

बी.एस्सी.ला आहे, पण अशा कामात तिचं डोकं जास्त चालतं. म्हणाली डब्यात नको, आजी वरणाला डाळ काढेल, माळ्यावर ठेव. माळ्यावर सासऱ्यांच्या भाजीच्या दुकानातली मोठी तागडी पोत्यात बांधून ठेवलेली आहे. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून तिला कोणी हात लावत नाही. शिडीवर चढून पोत्याच्या तोंडातून रिपोर्ट आत सारला आणि उतरले. पंचेचाळीस वर्षांची बाई, चोरासारखी शिडीवर! फार मजा आली.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

"आला काय?" — सकाळी सातला.

"सोमवारी देतो म्हणाले."

हे टेम्पो घेऊन गेले. दुपारचा डबा तसाच परत आला. वर्षाली म्हणते, बाबा तीन दिवसांपासून नीट जेवत नाहीत. खर्र्यासाठी कोणी जेवण सोडतं का? मला आज पहिल्यांदा जरा वाईट वाटलं. पण मग डोळ्यासमोर खर्रा घोटणारा नितेश आला आणि मन पुन्हा घट्ट केलं. मी किमोच्या वॉर्डात तोंडाच्या कॅन्सरची माणसं पाहिली आहेत. नळीनं पेज पिणारी. हा माणूस माझ्यासाठी सोडतो, स्वतःसाठी सोडणार नाही. तर मग माझं दुखणंच त्यांना राखो.


२२ नोव्हेंबर

नवी भानगड. सासूबाईंचाही नवस आहे, तो मी विसरलेच होते! सून बरी झाली की तिच्या वजनाचे संत्रे दवाखान्यात वाटायचे. सत्यभामाबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. आज जेवताना म्हणाल्या, "सोमवारी रिपोर्ट येते न? मंग तागडी खाली काढा. घासून पुसून ठेवतो. संत्र्यावाल्याले आत्ताच सांगा लागते."

मी म्हटलं, आई, काट्यावर मोजू.

"काट्यावर कोनी नवस फेडते काय? एका पारड्यात तू, एका पारड्यात संत्रे. तुह्या सासऱ्याची तागडी आहे."

वर्षाली म्हणाली, किमोच्या वेळी तोललं असतं तर दोन कॅरेटात भागलं असतं, आता सदुसष्ट किलोला संत्र्याची बाग लागेल. सगळे हसले. हे सोडून.

"मी काढते तागडी," मी म्हणाले.

"नाई, मी काढतो," हे म्हणाले. एकदम उठलेच ताटावरून.

"तुमचे गुडघे दुखतात."

"तुले शिडी झेपत नाई."

"झेपते!"

"म्हनलं न, मी काढतो. उद्या मंडीतून आलो का काढतो."

पाच वर्षं हे मला साधी घागर उचलू देत नाहीत. किती हा जीव. एरवी मी विरघळलेच असते, पण पोत्यात माझा रिपोर्ट आहे! उद्या हे मंडीतून यायच्या आत काढायला हवा.


२३ नोव्हेंबर, रविवार

हे गेले तशी शिडी लावली. पोतं सोडलं. माझा रिपोर्ट वरच होता. खाली पारडी, आणि पारड्याखाली एक निळी फाईल. तोच अकोल्याचा दवाखाना. नाव शालिकराम, म्हणजे हेच. जानेवारी २०२१ — गालाच्या आतली गाठ, कॅन्सरची, सुरुवातीची, कापून काढली. मी तेल्हाऱ्याला होते तेच चार दिवस. त्यानंतर दर वेळी माझ्याच तारखेचा एक कागद. शेवटचा गेल्या सोमवारचा. सर्व ठीक, वर्षानं यावे.

दाढ नव्हतीच ती. नवसही नव्हता. आणि माझ्या रिपोर्टची यांची काळजी, तिला मी तलफ समजत होते.

खालून सासूबाई ओरडल्या, "सापडली काय वं तागडी? संत्रे किती सांगाचे?"

"दोघांच्या वजनाचे सांगा, आई."