शेवटच्या बाईचा चेहरा

४ नोव्हेंबर
बोरी अरबला उतरले, तिथून रूपसिंग नाईकांच्या मोटरसायकलवर त्यांच्या तांड्यावर. खूश आहे! जुनं भित्तिचित्र दुरुस्त करायचं पहिलंच स्वतंत्र काम, तेही कॉलेजातल्या इंद्रजीत सरांनी स्वतःहून दिलेलं. देवळाच्या भिंतीवर रंगवलेले मिठाची पोती लादलेले बैल, मागे माणसं; यांच्या पणजोबांचा जुना धंदा. रांगेतल्या शेवटच्या बाईला तेवढा चेहरा नाही. नाईकांच्या रुपीबाईंनी भाकर-ठेचा वाढला. मी तीन भाकरी हाणल्या, लाज कसली.

७ नोव्हेंबर
सुटलेले पोपडे चिकटवले, दिव्याची काजळी पुसली. सर वर्गात रिनाल्दीची गोष्ट सांगायचे. दीडशे वर्षांपूर्वीचा इटालियन चित्रकार. स्वतःची चित्रं खपेनात, म्हणून चर्चमधली भित्तिचित्रं दुरुस्त करू लागला. पुसट संतांना चेहरे देत सुटला, मोठं नाव झालं. म्हातारपणी म्हणे त्याला सख्खी बहीणही ओळखेना. सर हसून बजावायचे, गेलेलं ते गेलं, आपण चेहरा भरायचा नाही.
आज सरांचाच मेसेज: बाईचा चेहरा पूर्ण कर. विचारलं, तर म्हणाले, गावकऱ्यांची श्रद्धा आहे. सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

१० नोव्हेंबर
चेहरा झाला. सुरेख झाला. फक्त माझा फोन मला ओळखेना. तोंडाला चुना लागला असेल म्हणून दोनदा धुतलं. शेवटी आकडे दाबून उघडला.

११ नोव्हेंबर
रुपीबाईंनी दारातच विचारलं, "तुम्ही कोन व्हय वो बाई?" आठवडाभर हातचं जेवू घालून —
आईला व्हिडिओ कॉल केला. माझ्या मुलीचा फोन तुझ्याकडे कसा, म्हणून तिनं कापला. आईनं.

१२ नोव्हेंबर
रूपसिंगांना मी कोण ते पटवायलाच तासभर गेला. मग बोलले. "तुमच्या मास्तरनं बी हाच चेहरा काढलता मागच्या साली. घरचे वयखेनात, मंग पुसला. आमाले म्हणे, येनाऱ्या पोरीले सारं मालूम हाय."
तेच पुढं सांगत होते, पुसला की आपला चेहरा परत येतो. पण वर्षाच्या आत दुसऱ्या कुणाला तरी इथं आणून तो चेहरा काढायला बसवायचं, नाहीतर आपला कायमचा जातो. सरांना ठाऊक होतं — ज्यांच्या पाया पडून निघाले, त्यांनीच केसानं गळा कापला. खूप रडले.

१३ नोव्हेंबर
पुसला. आईनं ओळखलं, किती वाळलीस म्हणाली —
एक वर्ष. एकच —

१४ नोव्हेंबर
वैष्णवीचा फोन. कॉलेजात माझ्या मागे होती, ताई ताई करत. सहा महिने काम नाही. विचारत होती, ताई, तिकडे काही उरलंय का —
मी म्हटलं, हो गं, फक्त एक चेहरा —