न नांगरलेलं जेवण

पुसेगावजवळच्या माळावरून,
ऋषिपंचमी, १९९८

तीर्थस्वरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार, गुडघ्यामुळे तूर्त सप्तांगच समज.

मी खुशाल आहे. काल ओढा ओलांडताना पाठपिशवीतलं पीठ भिजून गेलं, एवढंच. म्हणून आज मी आणि सोबती शिवहार रानभाजी शोधत हिंडलो. काट्यांत हात घालून दुपारपर्यंत जमली ओंजळभर करटुली आणि थोडा कुर्डू. एका लुसलुशीत पानाला मी हात लावताच शिवहार ओरडला, "सर, वळखीचं न्हाई ते! अक्काला म्या काय सांगू?" तुझा धाक इथवर पोचलाय.

मिठाच्या पाण्यात शिजवून खाल्लं. अक्का, मी थक्क झालो. कुणी पेरलं नाही, खुरपलं नाही, तरी वेल आपली लगडलेली! 'अकृष्टपच्य', म्हणजे न नांगरता पिकलेलं, हा शब्द पोरांकडून आयुष्यभर घोकून घेतला. चव आज कळली.

आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, या तुझ्या व्रताला मी दरवर्षी हसतो. यंदा ते मलाच घडलं. तुझा ऑपरेशननंतरचा अशक्तपणा गेला का? आज पोटभर जेवलीस ना?

आमची काळजी नको, उद्या पुढच्या मुक्कामी, इथल्या गोरेगावात, पीठ मिळेल. एक करटुलं उरलंय. "तुमी खा", "तू खा" करत अजून पातेल्यातच आहे.

तुझा, बराचसा जेवलेला,
श्रीनिवास