टाळ्या सोडतीच्या होत्या

लॅनवेरन, वेल्स
२७ मार्च

ती. मंदाताई,

तुझ्या धाकट्याचा पाच हजार मैलांवरून वाकून नमस्कार. गुडघ्यांमुळे हल्ली वाकणं पत्रातच बरं जमतं. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे आम्ही सगळे उभे आहोत, सासरेबुवा सोडून. त्यांचं पुढे येईलच.

आधी एक गंभीर फिर्याद नोंदवून घे. माझा पेला बाटला. तोच तो, स्टीलचा, 'चि. हेरंब यास सौ. मंदाकडून' असं नाव घातलेला. वीस वर्षं तो आमच्या शिक्षकांच्या खोलीत निष्कलंक राहिला, कारण कपाला सरावलेल्या या लोकांना त्याचा चटका बसतो. या महिन्याच्या सुरुवातीला काउंटीच्या शिक्षणखात्याच्या श्रीमती प्रोबर्ट नावाच्या बाईंनी त्यातून चहा घेतला, आणि वर म्हणाल्या, "किती वेगळा आहे हो!" ओठ भाजले असावेत अशी माझी नम्र आशा आहे. आणि हा पेला त्यांच्या हाती दिला कुणी? तुझ्या लाडक्या भाचीने.

'दहावीनंतर इलाचं काय ठरलं?' असं तू दोन पत्रांत विचारलंस. सांगतो. पण या प्रोबर्टबाई कोण, ते आधी सांगायला हवं.

बाई आल्या होत्या आमच्या शाळेचे वरचे दोन वर्ग बंद करायला. म्हणजे आपली अकरावी-बारावी. इथे त्याला सिक्स्थ फॉर्म म्हणतात. मुलं थोडी, खर्च फार. तेव्हा सप्टेंबरपासून मुलांनी बसने शहरातल्या मोठ्या कॉलेजात जावं. बस सकाळी पावणेसातला. तिथे म्हणे नाट्यगृह आहे आणि बसायला रंगीत पिशव्या आहेत. आमच्याकडे आहे एक जुनी प्रयोगशाळा आणि गणिताला मी. संस्कृतच्या प्रबंधासाठी या देशात आलो आणि इथे वर्गमूळं काढत बसलो, तो मी.

कायद्याप्रमाणे आधी गावाचं मत घ्यायचं असतं. ते घ्यायला बाईंनी महिना निवडला मार्च. ताई, मार्चमध्ये इथल्या मेंढ्या वितात. निम्मा गाव कोपरापर्यंत मेंढीत हात घालून बसलेला असतो. शाळेच्या हॉलमध्ये जेमतेम तीस माणसं जमली, त्यातली चार बसल्या जागी झोपली. बाईंनी मान वर करून रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि काहीतरी टिपून घेतलं.

पण खरा घात केला तो आलेल्यांनीच. या लोकांना पाहुण्याच्या तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. माझे सासरे इद्रिस हिवाळ्यात गोठ्यात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. तरी दोन काठ्या घेऊन आले. मला वाटलं, आता म्हातारा गरजणार. उभे राहून म्हणाले काय, तर, "बाई, एवढ्या लांबून आलात, म्हणजे विचार करूनच आला असाल." आणि बसले. इथल्या बोलीत यापेक्षा कडक शिवी नाही. सगळा हॉल शहारला. बाई मात्र हसून म्हणाल्या, "थँक्यू!"

त्यानंतर चहा. इथे स्मशानातून परतल्यावरसुद्धा चहा-केक असतो. ग्वेन्दा लुईस, म्हणजे आमच्या पालक समितीची अध्यक्ष आणि गावची अन्नपूर्णा, हिने तव्यावरचे गोड केक, मनुकांचा ब्रेड, दोन तऱ्हांचे जॅम असा घाट घातला होता. आणि चहानंतर सोडत. चार माणसं जमली की इथे चिठ्ठ्या विकून सोडत काढायचीच, त्याशिवाय सभा संपली असं कुणाला वाटत नाही. बाईंनीही शिष्टाचार म्हणून एक चिठ्ठी घेतली, आणि पहिलं बक्षीस त्यांनाच लागलं. कोकराची अख्खी तंगडी! बाई दोन्ही हातांनी तंगडी पोटाशी धरून उभ्या, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवतोय. झोपलेले चौघेही जागे होऊन वाजवतायत.

गेल्या आठवड्यात बाईंचा अहवाल आला. 'सभा खेळीमेळीत पार पडली. विरोध तुरळक. अखेरीस उपस्थितांनी टाळ्यांनी प्रतिसाद दिला.'

मी थेट ग्वेन्दाच्या दारात.

"ग्वेन्दा, त्या टाळ्या तंगडीच्या होत्या!"

"मग कशाच्या असणार? छान होती तंगडी. आमच्याच कळपातली."

"अगं, तिने लिहिलंय की आपण खूश आहोत! कशाला चारलास तिला एवढा केक?"

"अरे हेरी, मग काय बाईला उपाशी पाठवायचं? गावाचं नाव गेलं असतं."

"शाळा जातेय, ग्वेन्दा!"

"जातेय ना? मग तर गावाचं नावच तेवढं उरणार," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर केक ठेवला. मी खाल्ला. वीस वर्षांत मीही बाटलोच आहे.

जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान आपण नानांच्या पाठशाळेत पाठ केलं. जिथे केक तिथे संमती, हा हेत्वाभास मात्र नानांनाही सुचला नसता. हरकती घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. मी एक जळजळीत हरकतपत्र लिहिलं. समितीने ते 'थोडं सौम्य' केलं. आता ते 'आपण आमच्याकडे आलात, फार आनंद झाला' असं सुरू होतं. मी डोकं धरून बसलो, तर खजिनदार म्हणाला, "चहा ठेवू का?"

हसलीस ना? हस. शाळेतही सगळे हसतात हल्ली, त्याशिवाय दिवस जात नाही.

आता इला.

सासरे पडल्यापासून दूधदुभतं तुझी भावजय नेरिस एकटी बघते. सत्तर गाई. गडी मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही. म्हणून सकाळच्या धारा इला काढते. यंत्र आहे, पण गाई यंत्राजवळ आणायच्या कुणी? मला त्या ओळखतात, पण मानत नाहीत. धारा संपतात साडेसातला. मग तोंड धुऊन, पाव तोंडात धरून ती पळत शाळेत येते. शाळा कुंपणापलीकडेच आहे म्हणून हे जमतं. पावणेसातच्या बसला जमणार नाही.

अहवाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो. म्हटलं, "इला, वर्ग बंद झाले तर तुझं काय?"

ती गाईच्या आचळांना नळ्या लावत होती. वर न बघता म्हणाली, "काही नाही बाबा. मला कुठे पुढे शिकायचंय? माझं इथेच बरं आहे."

"केमिस्ट्री आवडते ना तुला?"

"आवडते. म्हणजे, ठीक आहे. तुम्ही दोघं जे ठरवाल ते चालेल मला. खरंच." आणि हसली. मग म्हणाली, "गारठलायस. चहा करू तुला?"

आत येऊन मी नेरिसला सांगितलं. तिने खिडकीतून गोठ्याकडे बघितलं. म्हणाली, "तीच म्हणतेय ना? मग झालं तर." तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. माझ्याही उतरलं होतं, ताई. दिवसभर मी चक्क शीळ घालत होतो.

मग संध्याकाळी पेला घासताना आठवलं. सभेच्या दिवशी प्रोबर्टबाईंना तो देताना इलाने त्यांना हळूच काहीतरी विचारलं होतं. मी मागेच उभा होतो. ऐकलं होतं, पण पेल्याच्या रागात लक्ष दिलं नव्हतं. तिने विचारलं होतं, "तिकडच्या कॉलेजात प्रयोगशाळा उशिरापर्यंत उघडी असते का? आणि आठनंतरची बस कुठली आहे का?"

बाई म्हणाल्या, "नाही गं, एकच बस." इला म्हणाली, "अच्छा. केक घ्या ना."

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. इला आपल्या आजोबांची नात आहे. तीही तोंडावर 'नाही' म्हणत नाही, 'हवं' तर त्याहून म्हणत नाही. प्रोबर्टबाईंना मी आठवडाभर नावं ठेवली, की टाळ्या कशाच्या ते कळलं नाही. पण त्या परक्या आहेत.

वर्ग वाचतील की नाही, देव जाणे. एक काम कर. रविवारी इलाला फोन कर आणि तिला खोदून विचार. तुझ्यापुढे तिची सभ्यता चालत नाही. मी विचारायला हवं, पण विचारत नाही, कारण ती 'शिकायचंय' म्हणाली तर धारा कोण काढणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती आमच्यासाठी खोटं बोलते आहे हे मला कळतं, ताई. आणि ते खोटं आम्हाला इतकं सोयीचं आहे, की आम्ही ते मान्य करून टाकू, याची मला फार भीती वाटते.

फोन नक्की कर.

तुझा,
हेरंब