सातवा पेला

ता. ८ ऑक्टोबर

तीर्थरूप आत्यास, शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझी नवी मिरची सात पेले तिखट आहे असं लिहिलं, ते चूक आहे. केलं होतं तू शिकवलंस तसंच. मिरचीच्या पाण्याचा एक चमचा पहिल्या पेल्यातल्या साध्या पाण्यात, त्यातला एक दुसऱ्यात, असं करत जिभेला चटका बसायचा थांबेपर्यंत. दर वेळी नवा चमचा. पण दर वेळी ओठ पुसले ते मिरची चिरताना हात पुसलेल्या फडक्यानेच! कितव्या पेल्यापासून मी स्वतःचा ओठच चाखत होते, देव जाणे. दुसऱ्या दिवशी चहा तिखट लागला, मग नुसतं पाणी, मग टूथपेस्टसुद्धा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आणि मी बियाणेवाल्यांना सांगून बसले! ते पाकिटं छापताहेत: ‘आत्याबाई मिरची. सात पेले तिखट.’ नाव तुझं आणि थाप माझी. तुझ्या जुन्या मिरचीचे चार पेले इतक्या वर्षांत कुणी मागे टाकले नाहीत. हिचे तीनच निघाले तर? जेवण जात नाही. (तशी चवही कळत नाहीये.)

रागाव, पण लोभातला चमचाभरही कमी करू नकोस.

तुझी,
मोजणी

ता. १३ ऑक्टोबर

चि. मोजणीस अनेक आशीर्वाद.

इतकी हसले की काय झालं म्हणून शेजारीण धावत आली. तिला पत्र वाचून दाखवलं, तर तीही बसली हसत. अगं, पाच वर्षांची असताना मिरचीच्या हाताने एक डोळा चोळून, ‘आता दुसरा चोळून बघू का’ म्हणून विचारणारी तूच ना? रागावू कशाला?

मात्र खोट्या आकड्याला माझं नाव चिकटलेलं चालायचं नाही. पुन्हा मोज. आधी दोन दिवस तिखट बंद. या वेळी शेवटच्या पेल्यापासून मागे ये, आणि बियाणेवाल्यांनाही चाखायला बसव. तीन निघाले तर पाकिटावरून मला उतरव. झाड उपटू नकोस, ते बिचारं काही बोललं नव्हतं.

ओठांना तूप लाव. वाट पाहते.

तुझी,
आत्या

ता. १९ ऑक्टोबर

तीर्थरूप आत्यास, शि. सा. न. वि. वि.

पाच! आत्या, पाच! सातवा पेला गप्प, सहावा गप्प, आणि पाचव्याला आम्ही दोघं एकदमच खुर्चीवरून उठलो. तुझा विक्रम मोडला, माफ कर. मला मुळीच वाईट वाटत नाहीये.

बियाणेवाल्यांना उचकी लागली. त्यातच म्हणाले, चारशे पाकिटं छापून झालीत, सातच राहू दे, मोजायला कोण येतंय? मी म्हटलं, आत्या येते. उचकी तिथेच थांबली, पण हो काही म्हणाले नाहीत.

तेव्हा मीच दुकानात जाऊन चारशेच्या चारशे पाकिटांवर सात खोडून पाच करणार आहे. सोबत पहिला पेला झाकून नेते. नाही म्हणाले, तर तो त्यांच्यापुढे ठेवीन.

आता पाच पेल्यांइतका तरी लोभ असू दे.

तुझी,
मोजणी

ता. क. तू दुकानात कधी यायचं ते राहिलंच. मंगळवार, ता. २२, सकाळी दहा वाजता.