पहाटेची जपानी वंदना

बाबा, तुमची ती जपानी वंदना, वंदना नव्हतीच. आता हसावं की रडावं तुम्हीच सांगा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला हे यंदाच्या डिसेंबरात कळलं. तुमची नात नागपूरहून सुट्टीला आली होती. पहाटे माझ्यासोबत विहारात आली, कारण तुमच्यामागं विहाराचं साउंडचं मशीन मीच चालवते. बुद्धवंदना झाली, मी तुमची कॅसेटवरची गाणी लावली (आता ती पेनड्राइव्हवर आहेत), बाया हात जोडून बसल्या, आणि ही पोरगी गाणं ओळखायला मोबाईल स्पीकरजवळ धरून उभी. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, ही जपानमधली जुनी फिल्मी टाइप गाणी आहेत. हिवाळ्याची. तिकडं थंडी पडली की लोक आठवण म्हणून ऐकतात." घरी येऊन तिनं अर्थही काढून दाखवला. एकात बाई फलाटावर उभी आहे, बर्फ पडतोय, आणि तिचा माणूस गाडीत बसून गेला तो गेलाच. दुसऱ्यात वर्ष सरत आलंय, बाजारात दिवे लागलेत, आणि घरी तिच्यासोबत संत्री सोलून खायला कुणी नाही. झालं! एवढी वर्षं आपण यावर डोळे मिटून बसलो.

चूक तुमची तरी कशी म्हणू? मला तो दिवस स्वच्छ दिसतो. गोंदियाजवळ मुर्रीच्या पुढं आपलं गाव, विहारावर तेव्हा नुसते टिन, आणि जपानी उपासकांची बस येऊन थांबलेली. सारं गाव पांढऱ्या कपड्यांत. तुम्ही कोपऱ्यात तुमच्या साउंड सर्व्हिसचं मशीन मांडून बसलाय, गळ्यात मफलर, तोंडात सुपारी. पिकल्या केसांची एक बाई तुमच्यासमोर येते, टेपकडं बघते, पिशवीतून कॅसेट काढते आणि दोन्ही हातांनी पुढं करून पार कमरेत वाकते. तुम्ही सुपारी थुंकायला धावलात, हात धुऊन आलात, मग कॅसेट घेतली आणि कपाळाला लावली. इतकं वाकून कुणी दिलेली वस्तू धम्मदानच असणार, दुसरं काय! ते लोक एकमेकांना चहाचा कपसुद्धा तसाच वाकून देतात, हे आपल्याला कोण सांगणार होतं?

तेव्हापासून थंडी सुरू झाली की ती कॅसेट. गोंदियाची थंडी ती, तोंडातून वाफ निघते, आणि भोंग्यातून कॅसेटमधली बाई गाते, मागं बारीक घंट्या वाजतात. गाणं संपलं की सगळे मोठ्यानं "साधू! साधू! साधू!" मी एकदा पायानं ताल धरला तर तुम्ही डोळे वटारले होते. "काऊन नाचून राहिली वो? विहार आहे का वरात?" बघा म्हणजे! ताल धरण्याचंच गाणं होतं ते. आजही मला त्या बोलण्याचा थोडा राग येतो.

पण यंदा हे कळल्यावर खरी पंचाईत पुढंच होती. नव्या सभागृहाला भेट द्यायला जपानी पाहुणे येणार होते, आणि विहार समितीच्या अध्यक्षांनी ठरवलं की त्यांचं स्वागत तुमच्या वंदनेनं करायचं, तुमचं नाव माईकवरून घेऊन. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. पाहुणे फिदीफिदी हसतील, मग गाव हसेल, आणि ज्या माणसानं जन्मभर विहाराचं मशीन फुकट चालवलं त्याच्या नावाची अशी थट्टा होईल. मी मायला सगळं सांगितलं. ती लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग? बंद कायले करून राहिली? त्या बाईनं जीव लावून देल्ली, तुह्या बाबानं जीव लावून आयकवली. हासनारे हासतीन." तिचं काय जातं! रात्रभर माझा डोळा लागला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी मशीनवर बसले, अंगठा बटणावर. अध्यक्षांनी तुमचं नाव घेतलं. गाणं सुरू झालं. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. एका तरुण मुलीनं तोंडावर रुमाल धरला, आणि माझे कान तापले. बंद करणारच होते, तेवढ्यात टोपीवाला एक म्हातारा मान खाली घालून गुणगुणायला लागला. मग दोन बाया. मग जेवढे म्हातारे होते तेवढे सगळे. रुमालवाली मुलगी गप्प झाली. आपल्या बाया इकडं हात जोडून, ते तिकडं डोळे पुसत गातायत, आणि शेवटी सगळे मिळून "साधू, साधू, साधू." मग त्यांच्यासोबतच्या दुभाष्यानं माईक घेतला आणि हिंदीतून सांगून टाकलं, "ये बुजुर्ग पूछ रहे हैं, इतने पुराने प्रेमगीत यहाँ किसने सँभाल के रखे?"

अध्यक्षांचा चेहरा बघवत नव्हता. आणि समोरच्या ओळीतून आपली शेजारीण म्हातारी, जी दरवर्षी या गाण्याला रडते आणि जिला तुम्ही मोठी उपासिका म्हणायचात, ती जोरात बोलली, "म्हूनच तं! म्हूनच तं मले हरसाल माहा बुढा आठवते!" बाबा, काय हसलं गाव! तुम्हाला नाही हसलं कुणी. सगळे स्वतःलाच हसले आणि लगेच नाकं पुसायला लागले. म्हातारी म्हणाली तुमचं नाव घेऊन, "त्यानं रडाले जागा देल्ली आमाले." टोपीवाल्यानं ते दुभाष्याकडून समजून घेतलं आणि तुमच्या मशीनपुढं कमरेत वाकला.

हे कागदावर उतरवलं खरं, पण पाठवू कुठं? आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण यात एक गोष्ट मायलाही ठाऊक नाही. बारावीच्या हिवाळ्यात आपल्या घरामागच्या धानाच्या बांधीचे, म्हणजे शेताचे, जे मालक, त्यांचा मुलगा भिलाईला निघून गेला. त्यांच्या घरी आपल्या हातचं पाणी चालत नव्हतं, म्हणून त्याला निरोप द्यायला मी गोंदियाच्या स्टेशनवरही जाऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गाणं लागलं आणि मी विहारात हमसून हमसून रडले. तुम्ही मशीन सोडून आलात, सगळ्यांना म्हणालात, "पाहा माह्या पोरीची श्रद्धा," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी तुमचा समज तसाच राहू दिला. तो हात मला हवा होता.