आईने सोडलेलं गोड

राजेंद्र नगर, इंदूर
रविवार

प्रिय श्रीपाद,

एकाच घरात राहून तुला पत्र लिहिते आहे. हसलास तरी चालेल. मला समोर बसून बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. वर्गात चाळीस मुलांपुढे गणित समजावताना माझं काही अडत नाही, पण घरात दोन वाक्यं नीट होत नाहीत. आणि तू समोर बसतोस तरी कुठे? फोन वाजला की चप्पल पायात. पत्र निदान पुरं वाचशील. मंगळवारी तू तपासायला दिलेले दोन कागद वाचून झाले आहेत. त्यांचं शेवटी लिहिते.

आज कपाट आवरताना तुझा बी.कॉम.च्या वर्षाचा फोटो सापडला. त्याच वर्षीची ती पहिली आग, कृष्णपुऱ्याजवळच्या दुकानाची. वरच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं अडकलं होतं आणि तू सायकल टाकून आत शिरलास. दोघांना खाली आणलंस, गर्दीतून निसटलास आणि दुसऱ्याच्या शर्टात घरी आलास. तुझा शर्ट जळाला होता, बनियन जळालं होतं आणि अंगावर एक फोड नव्हता. मी विश्वास ठेवेना, म्हणून तू ओट्याशी गेलास, गॅस मोठा केलास आणि त्यावर हात धरलास. मी घड्याळात बघून एक मिनिट मोजलं. कातडी लालसुद्धा झाली नाही. तेव्हा मी घाबरायला हवं होतं. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "बस कर, सिलिंडर संपेल." मग तू माझ्याकडून वचन घेतलंस की आईला सांगायचं नाही, कारण आईला कळलं तर ती तुला उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही. मी वचन दिलं. मला तुझा अभिमान वाटला होता, तेही लिहून ठेवते. नंतर लिहिणं होणार नाही.

आग तुला लागत नाही, पण धूर लागतो. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू घरी आलास तेव्हा डोळे लाल होते, झोक जात होता, अंगणातच ओकलास. आई हातातले तांदूळ टाकून धावत आली. "अगं, काय झालं याला?" तू काही सांगायच्या अवस्थेत नव्हतास. मी म्हटलं, "काय होणार? पिऊन आलाय." खोटं माझं होतं, हे मी नाकारत नाही. पण संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर तू काय म्हणालास, आठवतंय? "ताई, एकदम बढिया बहाणा शोधलास! आता रोजची झंझटच मिटली." आणि पुढच्या आठवड्यात तू स्वतः एक क्वार्टर विकत आणलीस, बेसिनमध्ये ओतलीस आणि रिकामी बाटली आईच्या हाती लागेल अशी गादीखाली ठेवलीस. जन्मात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाने. ती बाटली मी नव्हती आणली.

आईला ती सापडली. ती रडली नाही, तुला बोललीही नाही. मंगळवारी खजराण्याला गेली आणि गणपतीला सांगून आली की माझ्या मुलाची सुटेपर्यंत मी गोड तोंडात घालणार नाही. आपली आई, श्रीपाद. रविवारी पोह्यांबरोबर जिलबी आली नाही तर जिचा दिवस सुरू होत नसे ती. पुढची चौदा वर्षं ती तुझ्या वाढदिवसाला श्रीखंड करत होती आणि चाखायला वाटी माझ्यापुढे धरत होती, "बघ गं, साखर बरोबर आहे का." संक्रांतीचा तिळगूळ हातात घ्यायची आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवायची. मी तुला तीनदा सांगितलं की निदान दारू सोडली असं तरी सांग तिला. तू म्हणायचास, "मग धुराचं काय सांगू? बघू नंतर." तू वाईट मनाने म्हणत नव्हतास. तुझं लक्षच नसायचं. तुझं लक्ष फोनकडे असायचं, कुठे आग लागल्याची खबर येते त्याकडे.

शेजारचे नानासाहेब रोज सकाळी फाटकातून ओरडायचे, "काय श्रीपादराव, आज कोणत्या कलालीतून, किती ढोसून स्वारी?" आणि त्याच नानासाहेबांच्या हातात पेपर असायचा. पहिल्या पानावर तुझा फोटो असायचा, तोंडाला ओला गमछा गुंडाळलेला, खांद्यावर कुणाचं तरी मूल. अख्खं इंदूर तुला गमछा भिया म्हणतं. ते वाचून दाखवायचे, "वहिनी, हा बघा माणूस! नाहीतर आपली पोरं." आई भाजी निवडत ऐकायची. कस्तुरीचे वडील देवासहून चौकशीला आले तेव्हाही सगळं नानासाहेबांनीच सांगितलं, आणि चांगुलपणानेच सांगितलं, कारण त्यांना खरं तेच वाटत होतं. साखरपुड्याची साडी परत आली. कस्तुरीने मला फोन केला होता, "ताई, तो पीत नाही एवढं नुसतं म्हणा, मी बाबांशी भांडेन." मी काही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी तू कुठे होतास ते मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

इतकं सगळं मी सोसलं, कारण त्या जोडप्यासारखी माणसं जिवंत होती. गणिताची बाई आहे, बेरीज मला समजते. माझं ओझं एप्रिलच्या सतरा तारखेला झालं.

आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. माझी बोर्डाच्या पेपरांच्या कॉप्या तपासायची ड्यूटी होती, सुट्टी मिळत नव्हती. तुला एकच दिवस घरी थांबायचं होतं. डोळ्यात दर चार तासांनी औषध घालायचं आणि तिला गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही. तू रजा घेतलीस, मला शब्द दिलास. अडीच वाजता फोन आला आणि तू निघालास, आईला म्हणालास, "अर्ध्या तासात येतो." आणि ती काय समजली असेल? चौदा वर्षं जे समजत आली तेच. पिऊन आल्यावर तुला कडक चहा लागतो, तो तयार असावा. काळा चष्मा लावून ती ओट्याशी गेली. तिने तुझ्यासाठी आधण ठेवलं, आणि पदर पेटला. श्रीपाद, तोच ओटा, तीच शेगडी.

किंकाळी नानासाहेबांनी ऐकली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस भिंतीवरून उडी मारून आला, आईवर गोधडी टाकली आणि दोन्ही हातांनी विझवलं. त्यांचे तळहात तू पाहिलेस ना? अजून मूठ वळत नाही. त्यांना आग लागते. तरी ते आत गेले. आणि तू सांवेर रोडवर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या गोदामात तीनदा आत जाऊन आलास, आत कुणी राहिलंय का बघायला. कुणी नव्हतं. चौकीदार जेवायला गेला होता.

नऊ दिवस आई हॉस्पिटलात होती आणि शेवटच्या दिवसापर्यंत शुद्धीवर होती. तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तू माझे हात धरलेस. "ताई, आता सांग तिला. माझ्याने नाही होणार. तुझ्या तोंडून ऐकेल ती." मी म्हटलं, सांगते. खरंच सांगणार होते. सहाव्या दिवशी तू पुन्हा गेलास, कुठल्याशा होस्टेलला आग लागली होती. तिथून चार मुली तू बाहेर काढल्यास. त्या मुलींबद्दल माझी काही तक्रार नाही, कुणाच्या तरी लेकी आहेत त्या. दुपारी पलक नावाची ती सिस्टर पट्टी बदलायला आली आणि आईचं मन रमावं म्हणून तिने मोबाइल समोर धरला. "आंटीजी, देखो देखो, अपना गमछा भिया! चारों को ले आया।" आईने बऱ्या झालेल्या डोळ्याने पाहिलं. पुन्हा दाखवायला सांगितलं. मग मला म्हणाली, "कुणाचा गं हा मुलगा? त्याच्या आईने काय पुण्य केलं असेल." आणि तिला हसू आलं. त्या जळलेल्या ओठांनी ती हसली, श्रीपाद. "गमछा बघ, आपल्या श्रीपादसारखाच. गमछा तेवढा आपल्याकडे, गुण त्याच्याकडे."

पलक निघून गेली. खोलीत आम्ही दोघीच होतो. आईने विचारलं, "आपला कुठे आहे? पडला असेल ना पिऊन?"

शब्द माझ्या तोंडात होते. एका वाक्याचं काम होतं. मी दारावरच्या घड्याळाकडे पाहिलं, तू गॅसवर हात धरला होतास तेव्हा पाहिलं होतं तसंच. आणि मी म्हटलं, "हो आई." तिने मान हलवली. मग म्हणाली, "त्याला रागावू नकोस." पुढचे तीन दिवस मला रोज वेळ होता. मी सांगितलं नाही.

ती गेली तेव्हा तू दारात उभा होतास, अंगाला धुराचा वास. "सांगितलंस ना? काय म्हणाली?" मी म्हटलं, "हसली." तू भिंतीला टेकून खाली बसलास आणि लहान मुलासारखा रडलास, सुटल्यासारखा. तेव्हा मला वाटलं, मी तुझ्यावर दया करते आहे. नंतर तेरावं आलं. तू सकाळीच जाऊन दोन किलो जिलबी आणलीस, आईच्या पानावर वाढलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "आईचा नवस फिटला." नातेवाईक एकमेकांकडे बघायला लागले. तू मात्र शांत होतास. इतकं शांत तुला मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. माझ्या पानात दोन जिलब्या वाढल्यास आणि स्वतः चार खाल्ल्यास. त्या वेळी मला कळलं की ती दया नव्हती. मी तुला काहीतरी दिलं होतं, जे परत घेता येईल असं. ते कधी परत घ्यायचं एवढंच ठरायचं होतं. माझ्या जिलब्या मी खाल्ल्या नाहीत.

आता तुझ्या कागदांबद्दल. येत्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये नानासाहेब गमछा भियाचा सत्कार करताहेत. तो कोण हे त्यांना माहीत नाही. त्या दुखऱ्या हातांनी स्वतः खुर्च्या मोजताहेत. तू तिथे पहिल्यांदा गमछा सोडणार, कारण आता लपवायचं कुणापासून, असं मला म्हणालास. आईच्या ऐवजी शाल मी घालावी अशी तुझी इच्छा आहे. तुझं भाषण तपासून सोबत परत देते आहे. चांगलं झालं आहे, साधं आहे. दुसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस, "जाण्यापूर्वी माझ्या आईला सगळं कळलं होतं आणि ती हसली होती." ते वाक्य मी लाल पेनाने खोडलं आहे, कारण ते खोटं आहे. आईला काही कळलं नाही. ती दारुड्या मुलाची आई म्हणून गेली, दारुड्या मुलासाठी चहा करायला उठली म्हणून गेली. खोडलेल्या वाक्याखाली मी चार ओळींची जागा सोडली आहे. तिथे हे लिही, आणि नानासाहेबांच्या हातांकडे बघून वाच. माझं खोटंही त्यात घाल, माझ्या नावासकट. मी पहिल्या रांगेत बसेन. शाल मी घालणार नाही. तू ते वाचलं नाहीस तर मी उठून वाचेन, आणि मला तुझ्यासमोर बोलता येत नाही या भरवशावर राहू नकोस. आईचा नवस फिटलेला नाही, श्रीपाद. तेराव्यापासून तो मी चालवते आहे. तू तिथे उभा राहून खरं बोललास की घरी येताना जिलबी घेऊन ये, मी खाईन. नाहीतर चौदा वर्षं कशी काढायची ते मी आईला काढताना पाहिलेलं आहे.

पत्र तुझ्या बॅगेत गमछ्याखाली ठेवते आहे. फोन आला तरी आधी वाच.

तुझीच,
ताई